मिस्त्री मामा, तुमच्यामुळं मॅसी ट्रॅक्टर पेरणीला उभा राहिला

मामा, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, काम असलं तर सांग" म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड्यावर लिहितेय.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्याची हकिकत सोलापूरकरांना नव्यानं सांगायला नको. आमच्या रानात दोन दिवस पाणी होतं. जनावरं आधी हलवली, आज्जांचा मॅसी शेडातच राहिला आणि सीटपर्यंत बुडाला. 72 च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी आज्जांनी तो घेतला होता. तीन सिलिंडरचा, सहा गिअर पुढचे, दोन मागचे. माझ्या वडिलांनी त्याच्यावरच आम्हा भावंडांची शिक्षणं केली.

पाणी ओसरल्यावर गावातल्या गड्यानं इंजिन उघडून साफ केलं, नवं ऑइल घातलं, इंजिन चालूही झालं. गिअर बॉक्सकडं मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. वस्तीपर्यंत आणताना आतून अशी घरघर यायला लागली की जात्यात खडे भरडतायत असं वाटावं. गिअर बॉक्सची ऑइल मोजायची डिपस्टिक काढली तर तिच्यावर दुधाच्या चहासारखं ऑइल. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी न उघडताच पूर्ण गिअर बॉक्स बदला, नाहीतर भंगारात घाला, असं सांगितलं. मी गप्प घरी आले. आई त्या रात्री जेवली नाही.

तुम्ही आलात तेव्हा सोबत पान्यांची पेटीही नव्हती. आधी डिपस्टिकवरचं थेंबभर ऑइल तापल्या तव्यावर टाकलंत. ते तडतडलं. "पाणी आहे. किती आहे ते खाली कळंल," म्हणालात आणि ट्रॅक्टर रातभर हलवू नका म्हणून सांगून गेलात. सकाळी खालचा बोल्ट हळूच ढिला केलात तर आधी नुसतं गढूळ पाणीच आलं, बादलीभर. ऑइल हलकं, वर राहतं. पाणी जड, बुडाला बसतं. शाळेत शिकलेली गोष्ट, पण माझ्या डोक्यात तेव्हा आली नव्हती.

मग डिझेलात थोडं इंजिन ऑइल मिसळून आत भरलंत, मागची चाकं जॅकवर घेतलीत आणि जेमतेम पाच मिनिटं बिनओझ्याचं फिरवलंत. डिझेल धुतं, पण गिअरच्या दातांना सांभाळत नाही, त्यावर जास्त चालवायचं नसतं, हे तेव्हाच बजावलंत. गरम असतानाच सोडलंत. असं तीनदा. तिसऱ्या खेपेला खाली आलेलं स्वच्छ दिसलं, तरी आवाज होताच.

आणि इथून पुढचं मी जन्मभर विसरणार नाही. माझा भाऊ शेजारी उभा असताना तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "टोक हौजिंगवर, मूठ कानाला. न्यूट्रलला टाक. आता काय ऐकू येतंय?" घरघर. "क्लच निम्मा दाब." घरघर थांबली. आमच्या क्लचला दोन टप्पे. निम्म्यावर गिअर बॉक्स सुटतो, पीटीओ म्हणजे अवजारं फिरवणारा मागचा दांडा आणि त्यावर चालणारा हायड्रोलिकचा पंप फिरतच राहतो. म्हणजे पंप शाबूत. गाडी उभी असतानाच आवाज येतोय, म्हणजे मागं चाकाकडंही दोष नाही. राहिला क्लचपासून काउंटर शाफ्टपर्यंतचा, म्हणजे गिअर बॉक्समधल्या खालच्या दांड्यापर्यंतचा हातभर पट्टा. एवढ्या मोठ्या लोखंडी धुडात दुखणं नेमकं कुठं आहे ते तुम्ही पाना न लावता मला दाखवलंत. कापडाच्या गिरणीत फिटर असताना शेकडो साच्यांच्या खडखडाटात एक बिघडलेलं बेरिंग कानानं हुडकायचो, असं तुम्ही चहा पिताना सांगितलंत. मला ते लगेच पटलं.

ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग केले तेव्हा काउंटर शाफ्टच्या पुढच्या बेरिंगचे रोलर एकाच बाजूला खड्डे पडलेले निघाले. हा शाफ्ट सगळ्यात खाली. उभ्या ट्रॅक्टरमध्ये साचलेल्या पाण्यात तोच भिजत बसतो. दातांवर नुसता तांबूस थर होता, तो तुम्ही ऑइल लावलेल्या दगडानं घासून काढलात. आणि मग ते रोलर माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "पोरी, तांबडा गंज पुराचा. हे काळे खड्डे जुने आहेत."

मला ते ऐकवलं नाही. गिअर लिव्हरच्या बुडाचं रबर कैक वर्षांपासून फाटलेलं. वडील त्यावर पोतं टाकायचे, त्यांच्यामागं मीही तेच केलं. दर पावसाळ्यात लिव्हरवरून ओघळलेलं पाणी थेंबाथेंबानं आत जात होतं. सगळा दोष पुरावर टाकून तुम्हाला माझं मन राखता आलं असतं. तुम्ही खरं सांगितलंत, त्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

बेरिंगच्या कड्यावरचा नंबर कागदावर लिहून दिलात, तसलंच बेरिंग सोलापुरात दुसऱ्या दुकानात मिळालं. पॅकिंग, ऑइल सील आणि ते रबर नवं घातलं. 30 लिटरवर ऑइल लागलं. दहा तास चालवून तेही सोडायला लावलंत, तेव्हा मला पैशाची काळजी वाटली होती. पण निघालेलं ऑइल बघितलं आणि त्यात चमकणारी बारीक कीस दिसली, तेव्हा कळलं का ते. मजुरी तुम्ही जेवढी सांगितलीत तेवढीच घेतलीत. वर ठेवलेली पाकिटातली रक्कम आईच्या हातात परत दिलीत आणि शेंगाची चटणी तेवढी बांधून घेतलीत.

ऑक्टोबर सरता सरता वाफसा आला आणि मालदांडी ज्वारीची पेरणी मॅसीनंच झाली. पेरणी उशिरा झालीय, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर हुरडा धरेल असं वाटतंय. निरोप देते. मामींना घेऊन या. तुम्ही आलात की मॅसी न्यूट्रलला टाकते, स्क्रू ड्रायव्हर तुमच्या कानाला.

तुमची,
सीनाकाठची पोरगी