नाटकाचा तास बाकावर बसून होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे वाणिज्य-विज्ञानाच्या मुलांनाही दोन क्रेडिटचा नाट्यपरिचयासारखा विषय घेता येतो, ही चांगलीच गोष्ट. पण अनेक ठिकाणी तो इतिहासाच्या पेपरासारखा उरकला जातो. आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेश-सजावटीचा), सात्त्विक (भावाचा) हे चार अभिनय. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेलं ‘सीतास्वयंवर’. १८८० चं किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. लिहून घ्या, पाठ करा, परीक्षेत उतरवा. हे यायला हवंच, पण त्याला चार तास पुरे झाले. प्रात्यक्षिकाचे दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. आठवड्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका धरल्या तर १५ आठवडे. उरलेल्या ५६ तासांचं काय करायचं, त्यासाठी हे पत्र.

दुसरीकडे उलटा प्रकार असतो. विषयाच्या नावाखाली विद्यापीठाच्या ‘युवारंग’ युवक महोत्सवाची एकांकिका बसवायला घेतात. मंचावर नऊ जण, बाकीचा वर्ग खुर्च्या उचलायला. स्पर्धा जरूर करावी, पण ती वर्गाच्या तासात नको. स्पर्धेसाठी आधीच येत असलेली मुलं निवडतात. परिचयाचा वर्ग ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतो.

नाट्यगृह नाही ही अडचण खरी नव्हे. बाकं भिंतीला सरकवा आणि खडूने १६ बाय १२ फुटांची चौकट आखा. तिच्यात उभ्या दोन, आडव्या दोन रेघा मारल्या की नऊ खाने होतात. उजवं-डावं नेहमी नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. इथे पहिले दोन दिवस सगळ्यांचा गोंधळ उडतो. प्रेक्षकांजवळची बाजू डाउनस्टेज, मागची अपस्टेज. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना मागे चढ असायचा म्हणून ही नावं पडली. आपली स्टेजं सपाट, पण शब्द राहिले. खान्यांची नावं पुकारून मुलांना नुसतं चालवा. तीन तासांत ते अंगात बसतं.

मग दोघांना समोरासमोर उभं करून भांडायला लावा. ती एकमेकांकडे सरळ तोंड करून उभी राहतात आणि प्रेक्षकांना दिसतात दोन कान. इथे चार गोष्टी शिकवायच्या. प्रेक्षकांकडचा पाय अर्धं पाऊल मागे घेतला की छाती आपोआप बाहेरच्या बाजूला उघडते. हातवारा प्रेक्षकांपासून लांबच्या हाताने करायचा, नाहीतर स्वतःचाच दंड तोंडावर येतो. मोबाइल किंवा कपही त्याच हातात. गुडघा टेकायचा तर प्रेक्षकांकडचा. आणि दुसऱ्याच्या वाक्यावर हलायचं नाही, कारण प्रेक्षकाची नजर हलणाऱ्या वस्तूकडे जाते, मग ती वस्तू कितीही बिनमहत्त्वाची असो. हे नियम पुढे मोडायचेच असतात, पण काय मोडतोय ते कळलं पाहिजे.

वाचिकावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, निदान १५ तास. नवशिके हळू बोलतात अशी तक्रार असते, खरा दोष निराळा आहे. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नवशिक्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी त्या लग्नाला येणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं गेलं की शेवटच्या रांगेतला माणूस समजतो, हा येणार आहे. पुढचा प्रवेश त्याला उलटाच कळतो. यावर ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की मुलं ‘मी त्या लग्नाला’ एवढंच ओरडतात आणि ‘नाही’ आणखीच पडतं. उपाय असा: मागच्या भिंतीला एकाला कागद-पेन देऊन उभं करा. बोलणाऱ्याने दहा वाक्यं म्हणायची, ऐकणाऱ्याने प्रत्येकाचा फक्त शेवटचा शब्द लिहायचा. पहिल्या दिवशी दहातले चार-पाचच जुळतात. मग श्वास कुठे घ्यायचा ते संहितेत पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठरवा. लांब वाक्यात ती रेघ शेवटच्या तीन-चार शब्दांच्या आधी येते. रोज पाच मिनिटं ‘स्स्स’ असा एकसारखा सोडलेला श्वास. तो २० सेकंद टिकला की पुरे. हे सगळं पंखे बंद करून करावं. पत्र्याच्या हॉलमध्ये पाऊस सुरू असेल तर त्या दिवशी आवाजाचं काम घेऊच नये, मुलं घशातून ओरडायला शिकतात.

आता बोलीचा मुद्दा. आपल्याकडे खानदेशात घरी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा, सातपुड्यात पावरी-भिली. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’. शिक्षक हे ‘शुद्ध’ करत बसतात आणि मुलगा तोंड उघडेनासा होतो. उच्चार पात्रावरून ठरवा. पात्र पुण्यातला वकील असेल तर ‘ळ’ नीट हवा, त्याचा सराव करून घ्या. शिरपूरच्या बाजारात भाजी विकणारी बाई असेल तर ‘डोया’च हवा, आणि तोही गावच्या लयीत. चूक ठरते ती नकळत झालेली सरमिसळ. चिडल्यावर पात्र घरच्या बोलीवर येतं असं मुद्दाम ठरवलं, तर तो उत्तम अभिनय आहे.

प्रॉम्प्ट कॉपी, म्हणजे हालचाली आणि दिवे-आवाजाच्या खुणा टिपलेली संहितेची वही, प्रत्येकाकडून करून घ्यावी, नट होणाऱ्याकडूनही. जाड वही, डाव्या पानावर संहितेचं पान चिकटवायचं, उजवं कोरं ठेवायचं. त्या कोऱ्या पानावर नकाशा काढायचा: १ फुटाला अर्धा इंच धरला तर १६ बाय १२ ची जागा ८ बाय ६ इंचांत बसते. हालचालींना क्रमांक, तेच क्रमांक संहितेतल्या नेमक्या शब्दावर. सगळं पेन्सिलीने, कारण तालमीत निम्मं बदलतं. ‘दार वाजल्याच्या सुमारास दिवे कमी’ ही नोंद कुचकामी. कोणाच्या कोणत्या वाक्यातल्या कितव्या शब्दावर, हे हवं. एखाद्या दिवशी लिहिणारा गैरहजर राहिला आणि दुसऱ्याने वही पाहून दिवे-आवाज बरोबर चालवले, तर कॉपी पास.

प्रकाशाचे आठ तास पुरतात, पण सुरक्षेत कसूर नको. दोन दिवे, समोरून डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी आणि उंचीलाही साधारण ४५ अंशांत. एकच दिवा नाकासमोर लावला की चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो, खालून लावला की भूत. मंडपवाल्याकडचे जुने १००० वॉटचे पारकॅन (डब्याच्या आकाराचे स्टेजचे दिवे) आणले तर २३० व्होल्टवर प्रत्येकी सव्वाचार अँपिअरहून थोडे अधिक खातात. म्हणजे १६ अँपिअरच्या पॉइंटवर तीन, चौथा नाही. आणि वर्गातल्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी करून ठेवू नका, भार असताना गुंडाळीत उष्णता साठते आणि आवरण वितळतं. रंगासाठी पतंगाचा कागद तर मुळीच नको, तो पेटतो; स्टेजच्या दिव्यांसाठी मिळणारं रंगीत जिलेटिनच घ्या. एलईडी पार मिळाले तर हे बरेचसे प्रश्न मिटतात, रंग मात्र कातडीवर थोडे कोरडे वाटतात.

नेपथ्य-वेशभूषेला वेगळे तास देण्याइतकं सत्र मोठं नाही. एक खुर्ची, एक पंचा, एक कंदील, एवढ्यावर तीन वेगळ्या जागा उभ्या करायला सांगितलं की मुद्दा कळतो.

लोककलेच्या खेळाला एक भेट मात्र सक्तीची असावी. सारंगखेड्याची यात्रा आहे, कुठे वहीगायन असतं, नंदुरबारच्या गावांत सोंगाड्या पार्टी असते. तमाशाच्या कनातीत बसवून मुलांना चारच प्रश्न द्या: गण-गवळण संपून वग सुरू झाला हे कशावरून कळलं? पडदा नसताना घरातून रानात कसे गेले? सोंगाड्याने प्रेक्षकांतून आलेला शेरा कसा परतवला? ढोलकी कोणत्या वाक्यावर थांबली? उत्तर एका पानात, शिकवलेल्या शब्दांत.

गुणांचं म्हणाल तर ५० पैकी निम्मे प्रॉम्प्ट कॉपी आणि भेटीच्या टिपणाला, १५ तीन मिनिटांच्या दोघांच्या प्रवेशाला, १० रोजच्या कामाला. प्रवेश छापील नाटकातला असेल आणि तो वर्गाबाहेर जाहीर करायचा असेल, तर लेखकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. हेही अभ्यासक्रमातच शिकवायला हवं.

प्राचार्यांकडे मागणं फार नाही. आठवड्यातून चार तास हॉलची किल्ली, डब्यातला खडू, आणि त्या वेळात शेजारच्या मैदानावर लाउडस्पीकर लागणार नाही एवढी व्यवस्था.

आपले,
महाविद्यालयीन नाट्यवर्ग घेणारे काही शिक्षक,
जळगाव-धुळे परिसर