मंत्री साहेब, आमच्या पाटात बास मासा नको, आहे ती मरळ तेवढी वाचवा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी नाशिकचा. अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टी मिळाली की रॉड उचलून पाटावर जातो. कॅनॉलला आमच्याकडे पाट म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. गंगापूर धरणाचा डावा पाट, नांदूरमधमेश्वरहून निघणारे इंग्रजांच्या वेळचे पाट, त्यांच्या चाऱ्या, मधेमधे गावतळी आणि पाझर तलाव, एवढंच आमचं ग्राउंड. आमच्याकडे बोट नाही आणि जाळं पण नाही, काठावर उभं राहून मासे धरायचे, मिळाला तर ठीक नाहीतर येताना मिसळ खाऊन घरी, बायको विचारते काय आणलं तर मी म्हणतो तर्री आणली.

पत्र लिहायचं कारण असं की आमच्या गळवाल्या पोरांच्या ग्रुपवर एकाने फ्लोरिडाचा व्हिडिओ टाकला. मायामीतला कॅनॉल, मागे बंगले, एक माणूस हाफ चड्डीत काठावरून रॉड टाकतोय आणि दर पाच मिनिटाला बास काढतोय, बास म्हणजे तिकडचा शिकारी मासा, हिरवा पिवळा, शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा, म्हणून त्याला पिकॉक बास म्हणतात. लगेच एकाने लिहिलं की आपला पाट पण असाच आहे, ऊन पण तसंच, आपण पण सोडू ना, मंत्र्यांना निवेदन देऊ. पटापट अंगठे पडले. एकाने तर मुंबईच्या अक्वेरियमवाल्याकडे पिल्लांचा भाव पण विचारून ठेवलाय. तर साहेब ते निवेदन तुमच्या टेबलावर यायच्या आधी माझं हे पत्र यावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता बास वाईट मासा आहे असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः रात्री जागून त्याचे व्हिडिओ बघतो. पण त्या मायामीच्या कॅनॉलमागे काय काय आहे ते व्हिडिओत दिसत नाही ना. ते कॅनॉल दलदलीचं आणि पुराचं पाणी काढून द्यायला खोदलेले, पाणी बारा महिने कोमट, आणि लोकांनी घरच्या काचेच्या टाकीतले मासे त्यात सोडून सोडून चिलापीच्या (तिलापियाच्या) जाती सगळीकडे झाल्या होत्या. मग तिथल्या सरकारी मत्स्य खात्याने नीट अभ्यास करून 1984 मध्ये दक्षिण अमेरिकेतला पिकॉक बास मुद्दाम सोडला, चिलापी खायला. आणि तोच का निवडला तर पाणी साधारण 15-16 डिग्रीच्या खाली गेलं की तो मरतो, म्हणजे उत्तरेकडे पसरणार नाही. 2010 च्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा खरंच ढिगाने मेला. म्हणजे सोडतानाच त्याच्या गळ्यात दोरी बांधली होती त्यांनी. आमची पोरं दोरीचा विचार करत नाहीत, त्यांना फक्त मासा दिसतो.

नाशिकला थंडी आहे की, असं एकजण म्हणाला, निफाडचा पारा दर वर्षी पेपरात येतो, मग पिकॉक आपोआप मरेल, टेन्शन काय. अरे पण मरायचाच असेल तर आणायचा कशाला. आणि दुसरा जो बास आहे, मोठ्या तोंडाचा, लार्जमाउथ, जो फ्लोरिडाचा 1975 पासूनचा गोड्या पाण्यातला राज्यमासा आहे, तो थंडीला भीक घालत नाही, कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत राहतो. तो एकदा पाटात पडला की निफाडची थंडी त्याला काही करणार नाही. जपानमध्ये 1925 ला आशी नावाच्या सरोवरात शौकाने सोडला होता, मग गळवाल्यांनीच तो इकडून तिकडे नेला, आणि 2005 ला सरकारला कायदा लावावा लागला की जिवंत न्यायचा नाही, पाळायचा नाही, सोडायचा नाही. तोपर्यंत उशीर झाला होता. 2009 मध्ये तिथल्या बिवा सरोवरात 10 किलोच्या वरचा बास निघाला, जॉर्जियातल्या 1932 च्या वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी. गळवाल्याला हे ऐकून तोंडाला पाणी सुटतं, मला पण सुटतं, पण दहा किलोचा बास हवेवर वाढत नाही, तिथले छोटे मासे खाऊनच वाढतो.

आणि आपला पाट म्हणजे काय बंद टाकी आहे का. पाटातून चारी, चारीतून नाला, नाल्यातून गोदावरी, पुढे नांदूरमधमेश्वर जे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने मानलेली पाणथळ जागा, पुढे जायकवाडी, मग तेलंगणा, आंध्र. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पुराचं पाणी लागलं की कुठलं तळं कुठल्या नदीला मिळतं हे नाशिककराला सांगायला नको. केरळात 2018 च्या पुरानंतर चालकुडी नदीत अमेझॉनचा अरापैमा मासा सापडला होता, तो काय पोहत आला होता का ब्राझीलहून. चिलापीचंच बघा, 1952 मध्ये देशात आणली, गरिबाला स्वस्त मासा मिळेल म्हणून. आता गळाला आधी चिलापी, नंतर चिलापी, शेवटी चिलापी. थाई मांगूर या परदेशी माशावर 2000 पासून बंदी आहे तरी बाजारात दिसतो. साहेब, 2025 मध्ये तुमच्या सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, चांगलं केलं. पण शेतकऱ्याच्या रानात कोणी रात्री येऊन परदेशी बी फेकून गेला तर आपण गप्प बसू का?

आता मुद्द्याचं. बासमध्ये पोरांना जे हवंय ते सगळं आपल्या मरळीत आहे. फरक एवढाच की मरळीचे व्हिडिओ मायामीहून येत नाहीत. मरळ पण दबा धरून बसते, पानवेलीच्या कडेला, पुलाच्या सावलीत, मोरीच्या तोंडाशी. वर तिला हवेतला श्वास लागतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने वर येऊन पुच् करून तोंड उघडते, तेव्हा आपण काठावरून जागा हेरायची. उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंत, नंतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मधे ती सावलीतून हलत नाही, आपणही हलू नये, उन्हाने डोकं फिरतं. जो रबरी बेडूक अमेरिकेत कमळाच्या पानांवरून बासला ओढतात तोच इथे मरळीला चालतो, दोन्ही हूक पाठीला चिकटलेले, वर तोंड केलेले, त्यामुळे पानवेलीत अडकत नाही. पानावरून टुणुक टुणुक आणायचा, मोकळं पाणी दिसलं की थांबवायचा. आणि मग जो बार उडतो ना साहेब! नवीन पोरगा तिथेच झटका देतो आणि बेडूक हवेत. आवाज झाला तरी मनात एक दोन तीन मोजायचं, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणली की मगच हाणायचं. मला हे शिकायला दोन पावसाळे गेले. आमचे वडील बांबूची काठी आणि मोरपिसाच्या तरंग्यावर जिवंत बेडूक लावून हेच करायचे, त्यांना माझ्या रिळाचं कौतुक कधीच वाटलं नाही.

आणि हीच मरळ कमी व्हायला लागलीय. बास न येताच.

पहिलं कारण आम्हीच. पावसाला सुरुवात झाली की मरळीची पिल्लं होतात, लालभडक, शेकड्याने, पाण्यावर गोळा करून फिरतात, लांबून वाटतं कोणी पाण्यात गुलाल टाकलाय. खाली आईबाप दोघे राखणीला. त्या गोळ्यात बेडूक टाकला की मासा हमखास येतो, भुकेने नाही, रागाने. मी पण मारलीय तशी, खोटं कशाला बोलू. साडेतीन किलोची होती, मोठ्या तोऱ्यात घरी आणली तर वडील बघून एवढंच बोलले की राखणदार उचललास, आता पोरं कोण राखणार. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर गोळा नव्हता, चिलाप्या फिरत होत्या. समुद्रात पावसाळ्यात 61 दिवस मासेमारी बंद असते ना, मग पाटावरच्या मरळीला जुलै-ऑगस्टचे दोन महिने द्यायला काय हरकत आहे. बाकी मासे धरू द्या, मरळ आली तर सोडायची. पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा केलंत, गोड्या पाण्याच्या वाट्याला निदान दोन महिन्यांची सुट्टी तरी येऊ द्या.

दुसरं कारण करंट. याच्यासाठी मी खरं तर जास्त पोटतिडकीने लिहितोय. पाटाचं आवर्तन बंद झालं की पाणी उतरतं आणि पुलाखाली, गेटपाशी डबकी राहतात, सगळे मासे त्यात कोंडलेले. मग रात्री दोघंजण येतात, पाठीला बॅटरी आणि मशीन, हातात दोन बांबू, टोकाला तार. पाण्यात टेकवलं की अर्ध्या मिनिटात सगळं पालथं, मोठं ते पोत्यात, बोटाएवढं तिथेच सडायला. मरळ वाम झिंगे साप बेडूक सगळं एकाच मापात. कुठे कुठे ब्लिचिंग पावडर टाकतात, त्याच पाण्यावर सकाळी गुरं येतात. इंग्रजांनी 1897 च्या मत्स्य कायद्यात सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला बंदी घातली होती, तेव्हा बॅटरी कोणाच्या डोक्यात नव्हती. आता तुम्ही करंटचं नाव घालून, शिक्षेसकट, मराठीत, पाटाच्या प्रत्येक पुलावर बोर्ड लावा. मी एकदा अशी माणसं बघून एका कार्यालयात फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, तुम्ही स्वतः कोणत्या परवान्यावर मासे धरता? मी गप्प. करंटवाले पोतं भरून गेले.

तर तो परवाना. मी काढायला गेलो होतो हो. एका ठिकाणी म्हणाले पाणी आमचं, मासे त्या खात्याचे. त्या खात्यात म्हणाले तलाव ठेक्याने गेलाय, मच्छीमार संस्थेला विचारा. संस्थेचा माणूस म्हणाला गळाला कोण विचारतं, बसा, पण मोठा मासा निघाला तर आमचा. हे बरोबर पण आहे त्याचं, संस्थेने पैसे भरून रोहू कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडलेली असते, भोई कोळी आदिवासी घरांचं पोट त्यावर आहे आणि माझा शौक आहे, दोन्ही एका तराजूत नाही घालता येत. शिवाय मरळ त्यांची बोटुकली खाते, त्यांना ती चोरच वाटते. पण म्हणूनच सांगतो, दिवसाचा पास काढा, पन्नास रुपये शंभर रुपये काय असेल ते, आणि पैसे त्या संस्थेलाच जाऊ द्या. एक गळ, दिवसाला दोन मरळ, फुटाखालची परत पाण्यात. पास असलेला माणूस काठावर बसला की तोच फुकटचा वॉचमन, करंटवाला तिथे येणार नाही. फ्लोरिडात बघा, तिथल्या माणसाला वर्षाचं लायसन 17 डॉलरला, पिकॉक बास दिवसाला दोनच आणि त्यातला एकच 17 इंची किंवा मोठा, लार्जमाउथ पाच आणि त्यातला एकच 16 इंची किंवा मोठा, आणि गळाच्या सामानावरचा टॅक्स 1950 च्या एका कायद्याने परत माशांवरच खर्च होतो. रॉड रिळावर जीएसटी आम्ही पण भरतो. पोरांना मायामीची नक्कल करायचीच असेल तर मासा तिथेच राहू दे, पट्टी तेवढी आणा.

एक गोष्ट तुमच्या खात्याची नाही पण शेजारच्या खुर्चीला सांगा. पाटाला सिमेंटचं अस्तर, त्यावर शेवाळ, आणि आत पडलेल्या माणसाला वर यायला धरायला काही नाही. माझा पाय गेला होता, नशिबाने पाणी कमरेएवढं होतं आणि बरोबरच्या पोराने रॉडची मूठ पुढे केली. थोड्या थोड्या अंतरावर पायऱ्या किंवा नुसती साखळी टाकली तरी गुरं माणसं दोन्ही वाचतील. प्लॅस्टिकच्या शेततळ्यांचं तर बोलायलाच नको, द्राक्षाच्या पट्ट्यात प्रत्येक गावाला त्याची एक वाईट आठवण आहे, तिथे आतमध्ये दोर सोडायची सक्ती करा.

बाकी निवेदन घेऊन पोरं आलीच तर रागवू नका, चांगली पोरं आहेत, रविवारी मोबाईलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा पाटावर येतात. त्यांना सांगा बास नाही मिळणार, पास मिळेल.

आणि परवाना, बोर्ड, पायऱ्या याला वेळ लागणार हे मला कळतं. पण उन्हाळी आवर्तन बंद झालं की त्याच आठवड्यात करंटवाले येतात, दर वर्षी येतात, त्याला जीआर लागत नाही. त्या आठवड्यात एक गाडी पाठवा. सकाळी नको, सकाळी फक्त मेलेली पिल्लं दिसतील. रात्री अकरानंतर पाठवा, पुलावर गाडीचे लाइट बंद करून थांबायला सांगा, खाली टॉर्च हलताना दिसेल.

आपला,
पाटावरचा एक गळवाला, नाशिक