आई-वडिलांना ‘मुंबईदर्शन’ नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भातकापणी आणि झोडणी उरकली की कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या एसटीत म्हातारी माणसे जास्त दिसू लागतात. मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दीड महिना राहायचे आणि शिमग्याच्या आत गावी परतायचे, असा हा दर वर्षीचा क्रम असतो. यातले पुष्कळ जण पूर्वीचे चाकरमानी असून नोकरीची तीस-चाळीस वर्षे त्यांनी याच शहरात काढलेली असतात. तरीही ते आले की आम्ही मुले त्यांना मुंबई दाखवायला निघतो, आणि सुट्टीच्या दिवसांत निघणाऱ्या पुरवण्याही आम्हाला मॉल, वॉटर पार्क, शहराबाहेरची रिसॉर्ट आणि दिवसभराची भाड्याची गाडी एवढेच सुचवत राहतात. या सूचना मला का पटत नाहीत आणि त्यांच्याऐवजी आमच्या घरी काय सुरू झाले, हे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि आई ७३ वर्षांची. दोघे राजापूर तालुक्यात गावी राहतात. वडील जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयात सॉर्टर होते आणि आमचे बिऱ्हाड लालबागच्या एका चाळीत होते. २००७ साली निवृत्त झाल्यावर खोली सोडून ते गावी गेले. मी लग्नानंतर डोंबिवलीला आले. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले, त्यामुळे वडील फुकट आणि आई निम्म्या पैशांत येते, ही गोष्ट वडील आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून झाले आहेत. येताना बरोबर उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि आमसुलांची पिशवी असतेच. त्यामागे माया आहेच, पण मुलीच्या घरी राहायचे तर तिच्यावर, त्यातही जावयावर, भार पडता कामा नये हा जुना हिशेबही आहे. तो ध्यानात न घेता आखलेली सहल कितीही महागाची असली तरी त्यांना गोड लागत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी करून त्यांना शहराबाहेरच्या एका रिसॉर्टमध्ये नेले. आईने तो दिवस पोहण्याच्या तलावाशेजारच्या खुर्चीत, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन काढला. वडिलांनी जेवणाचे बिल नीट घडी घालून खिशात ठेवले आणि परतीच्या वाटेवर अगदी सौम्यपणे विचारले की, एवढ्यात आपल्या पडवीचे पत्रे बदलून झाले नसते का? त्यानंतरचे आठ दिवस ‘कुठे जाऊ या’ असे म्हटले की दोघांचेही गुडघे दुखू लागत.

गेल्या डिसेंबरात मी वेगळा मार्ग धरला. मला एक स्पीड पोस्ट पाठवायचे होते. ते घराजवळूनही गेले असते, पण मी वडिलांना म्हटले की, जीपीओत काम आहे, माझ्याबरोबर येता का? सहल म्हटली की दुखणारे गुडघे काम म्हटल्यावर दुखले नाहीत. वडील इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे होते. आईही निघाली, आणि गाडीत बसल्यावर सहज बोलण्यात कळले की, लालबागला एवढी वर्षे राहूनही तिने जीपीओ आतून कधी पाहिलेलेच नव्हते. बाहेरून पाहिले होते, डबा पोहोचवायला एकदा दारापर्यंत गेली होती, बस.

विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेली ही इमारत १९१३ साली पूर्ण झाली. मधल्या घुमटाखाली उभे राहून आई बराच वेळ वर पाहत होती. दरम्यान वडील एका खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याशी बोलण्यात गुंतले होते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, हे त्यांनी गावी वर्तमानपत्रात वाचले होते, पण ते प्रत्यक्ष खिडकीवर ऐकल्याशिवाय त्यांचे समाधान होणार नव्हते. मग त्यांनी आम्हाला पिन कोडची गोष्ट सांगितली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला तेव्हा ते नोकरीत तसे नवेच होते. त्याआधी शहरातल्या पत्रांवर ‘मुंबई १२’, ‘मुंबई २८’ असे विभागाचे आकडे असत. त्यांच्यापुढे चार आणि शून्ये लागून ४०००१२ आणि ४०००२८ झाले, त्यामुळे मुंबईच्या सॉर्टरला नवे पाठांतर फार करावे लागले नाही. जीपीओच्या त्या फेरीपासून आमच्या घरी एक खेळ सुरू आहे. मी जागेचे नाव घ्यायचे आणि वडिलांनी आकडा सांगायचा: गिरगाव चार, दादर पूर्व चौदा, माहीम सोळा, प्रभादेवी पंचवीस. माझा मुलगा एरवी आजोबांशेजारी पाच मिनिटे बसत नाही, पण या खेळात त्यांना चुकवण्यासाठी तो नकाशा काढून बसतो.

निघताना वडिलांनी दहा पोस्टकार्डे घेतली. एक कार्ड आजही पन्नास पैशांना मिळते, म्हणजे सगळी मिळून पाच रुपये झाले. त्यातले पहिले तिथेच उभ्याने लिहून त्यांनी गावच्या शेजाऱ्यांना माडांना पाणी सोडण्याची आठवण केली. शेजाऱ्यांकडे मोबाइल आहे आणि आदल्याच रात्री त्यांचे बोलणे झाले होते, हे मी मुद्दाम काढले नाही.

तिथून आम्ही सीएसएमटीवरून एनसीपीएला जाणारी ‘ए-११५’ ही दुमजली वातानुकूलित बस घेतली. वडील वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसले. जिना नको म्हणून आई खालीच राहिली आणि उतरेपर्यंत तिची कंडक्टरशी ओळख झाली होती. नरिमन पॉइंटला समुद्राकडेच्या कठड्यावर बसून आम्ही घरून नेलेली घावने आणि चटणी खाल्ली. डोंबिवलीच्या रिक्षाचे पैसे सोडले तर लोकलची जाण्यायेण्याची तिकिटे, दोन वेळची बस, चहा आणि पोस्टकार्डे धरून तिघांचा दिवस दोनशे रुपयांच्या आत झाला. वडिलांनी बसची तिकिटे स्वतःच्या पैशांनी काढली आणि ती काढू दिली म्हणून ते खूश होते. मुलांनी ही एक गोष्ट अवश्य करावी: आई-वडिलांना परवडेल असा दिवस आखावा आणि त्यातला थोडा खर्च त्यांना करू द्यावा.

यात वेळेचे पथ्य मात्र कडक पाळावे लागते. सकाळी अकरानंतर डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरली तर बसायला जागा मिळते, आणि दुपारी चारच्या आत परतीच्या गाडीत असले पाहिजे. संध्याकाळच्या गर्दीत सापडलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरातले दुसरे काहीच आठवत नाही. एका दिवसात एकच ठिकाण करावे, आणि दुसरा दिवस घरी काढावा.

राणीच्या बागेविषयी फार लिहीत नाही. ती सर्वांना ठाऊक आहे आणि बुधवारी बंद असते हे मात्र सर्वांना ऐन फाटकापाशी आठवते. पिंजरे पाहण्याची हौस नसलेल्या माणसालाही तिथली जुनी झाडे, विशेषतः गोरखचिंच, पुरेशी होतात. शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तिथल्या काचेच्या कपाटांतली कारागिरांची आणि जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांची मातीची छोटी प्रारूपे आईने एकेक करून पाहिली. पुतळ्यांच्या पगड्यांवरून आणि नेसण्यावरून ती कोण कुठला ते ओळखत होती, आणि खालची पाटी वाचून मी तिला गुण देत होते.

भाऊच्या धक्क्याचा बेत मात्र अर्धवटच जमला. रस्ते आणि रेल्वे नव्हती त्या काळात आमच्या भागातली माणसे मुसाकाजी किंवा जैतापूरच्या बंदरातून बोटीने येत आणि या धक्क्यावर उतरत. वडीलही एकोणिसाव्या वर्षी, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन, असेच उतरले होते. ती जागा पुन्हा पाहावी ही त्यांचीच इच्छा होती, पण मासळीच्या गाड्यांची ये-जा, ओली फरशी आणि टेकायला जागा नाही अशा ठिकाणी आम्ही जेमतेम वीस मिनिटे थांबलो. आईने सुरमईचा भाव विचारून घेतला, वडिलांनी रेवसच्या लाँचकडे बोट करून ‘आमची बोट याच्या कितीतरी पट मोठी होती’ एवढे सांगितले आणि आम्ही परत फिरलो. वडिलांच्या मते ती फेरी उत्तम झाली. माझ्या मते तिथे सकाळी लवकर, आणि एखादी घडीची खुर्ची घेऊन, जायला हवे होते.

आईची गोष्ट निराळी आहे. तिला ठिकाणांत फारसे स्वारस्य नाही, माणसांत आहे. चाळीतल्या तिच्या शेजारणी आता बदलापूर, विरार आणि नालासोपाऱ्याला विखुरल्या आहेत. त्यातल्या तिघींकडे तिला पोहोचवून, तीन-चार तास तिथेच सोडून, पुन्हा आणायला जाणे एवढेच काम मी या खेपेस केले. त्या तीन दुपारी तिच्या मुक्कामातल्या सर्वांत मोलाच्या ठरल्या, असे तीच म्हणते. तेवढ्या वेळात मुलांनी तिथे बसून राहू नये, हेही मी शिकले. आपण समोर असलो की त्या बायका सुना-जावयांविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत. दादरला टिळक पुलाखालच्या फुलबाजारातून शेवंती घ्यायची आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ती ओवायची, हा तिचा दुसरा आवडता कार्यक्रम आहे. या शहरात फुकट आणि हवा तितका वेळ बसू देणाऱ्या जागांत त्या कट्ट्याची बरोबरी करील अशी जागा मला तरी माहीत नाही. वडिलांसाठी रविवारी गावच्या ग्रामस्थ मंडळाची सभा असतेच. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आणि पालखीच्या मानावरून तिथे जे वाद होतात, त्यांची मजा कोणत्याही मल्टिप्लेक्सला येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा काटकसरीला दिलेला मुलामा आहे आणि ज्या आई-वडिलांनी आयुष्यभर हौस मारली त्यांच्यावर मुलांनी चार पैसे खर्च केलेच पाहिजेत. ज्यांनी मुंबई कधी पाहिलीच नाही त्यांना गेटवेपासून सगळे हौसेने दाखवावे, आणि ज्यांना चालवतच नाही त्यांच्यासाठी गाडी करण्यात काहीच चूक नाही. माझे म्हणणे जुन्या मुंबईकरांपुरते आहे. त्यांना हे शहर पाहायचे नसते, वापरायचे असते: तिकीट काढायचे, भाव करायचा, रस्ता सांगायचा, आणि शक्य तर आपल्यालाच दोन गोष्टी सांगायच्या असतात. गाडीच्या मागच्या सीटवर बसवून काचेआडून फिरवले की त्यांच्याकडून हे सारे काढून घेतले जाते.

असे दिवस काढताना अडचण पैशांची येत नाही. ती येते टेकायला बाक, स्वच्छ स्वच्छतागृह आणि सलग पदपथ यांची. तरुण माणसाला दोन किलोमीटर चालताना जे जाणवत नाही, ते वृद्धांच्या बाबतीत सगळा बेत ठरवते. गेल्या दोन महिन्यांत आमचे अर्धे बेत ‘तिथे बसायला आहे का’ आणि ‘आईची सोय कुठे होईल’ या दोन प्रश्नांवर रद्द झाले. बसथांबे, बाजार, उद्याने आणि धक्के यांची जबाबदारी असणाऱ्या यंत्रणांनी सुशोभीकरणाच्या दिव्यांआधी पाठ टेकता येईल असे बाक बसवावेत, अशी विनंती आहे.

दुसरी विनंती आपल्यालाच आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात व्याख्याने, चित्रप्रदर्शने, कीर्तने आणि ग्रंथालयांतले उपक्रम आपण रोज छापता, आणि त्यातले बहुतेक विनामूल्य असतात. त्या प्रत्येक नोंदीपुढे सभागृह कितव्या मजल्यावर आहे, उद्वाहन आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे आणि कार्यक्रम साधारण किती वाजता संपेल, एवढी माहिती दिलीत तर एका ओळीची जागा जाईल. वडील ते सदर रोज सकाळी पेनाने खुणा करत वाचतात, आणि मग ‘तिसरा मजला असला तर?’ असे म्हणून पेनाचे टोपण लावून ठेवतात.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)