बॅटरी बदलण्याआधी मीटर लाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या गवत कापायच्या, बसून चालवायच्या मशीनच्या बॅटरीची कहाणी वाचून वाईट वाटलं, पण शेवटच्या चार ओळींनी मात्र झोप उडवली. किल्लीने सेल (स्टार्टर) लागत नाही म्हणून तू सोलेनॉइडच्या, म्हणजे बॅटरीचा करंट स्टार्टरला जोडणाऱ्या स्विचच्या, दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून इंजिन सुरू करतोस. वर सीटखालचा स्विच मधेमधे इंजिन बंद पाडतो, म्हणून त्याच्या वायरी कायमच्या जोडून टाकायच्या म्हणतोस. बाकी पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण ही दोन्ही कामं आजच थांबव. स्क्रू ड्रायव्हर टेकवतोस तेव्हा तू सीटवर नसतोस, चाकाशेजारी वाकलेला असतोस. ब्रेकच्या पेडलचा आणि पात्यांचा स्विच सोलेनॉइडच्या अलीकडे असतो, म्हणजे तू त्यांना वळसा घालून थेट स्टार्टरला करंट देतोस. गिअर लागलेला राहिला असेल तर मशीन जागेवरून उडी घेतं. त्यात सीटचा स्विचही जोडून टाकलास, तर तुझ्या अंगावर येणारं ते मशीन थांबवायला काहीच उरत नाही. तुझ्या हाता-पायांपेक्षा गवत मोठं नाही.

आता बॅटरी. दोन हंगामांत तिसरी आणलीस. मला वाटतं, त्यातली एकही मुळात खराब नव्हती. नवी बॅटरी भरलेली येते, म्हणून महिनाभर सगळं ठीक चालतं आणि आपल्याला वाटतं रोग गेला. रोग मशीनमध्येच असतो, तो नवी बॅटरीही खातो. म्हणून चौथी आणण्याआधी एक साधा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजणारा मीटर, हातात घे. बॅटरीच्या या सगळ्या कामाला मला दुसरं कुठलंही खास हत्यार लागलं नव्हतं.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भर. लहान बॅटरी आहे, 2 अँपिअरने सावकाश भरलेली तिला मानवते. चार्जर काढल्यावर लगेच मोजू नकोस, तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. रात्रभर तशीच, मशीनच्या वायरी न जोडता ठेव आणि सकाळी मोज. 12.6 व्होल्टच्या आसपास आली तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे अर्धी रिकामी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. मग वायरी जोडून, मीटरची टोकं बॅटरीवर धरून कुणाला तरी सेल मारायला सांग. त्या क्षणी आकडा खाली येणारच, पण 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरीच कमजोर. रात्रभरात एकटी पडून आकडा उतरला तरी दोष तिचाच. या दोन्ही परीक्षांत ती पास झाली, तर दुकानाकडे पाठ फिरव आणि मशीनकडे वळ.

मशीनमध्ये दोनच गोष्टी होऊ शकतात: बॅटरी भरली जात नाही, किंवा उभ्या उभ्या गळते. भरली जाते का ते इंजिन चालू करून कळतं. थ्रॉटल (इंजिनाच्या वेगाचा दांडा) पूर्ण वर ने, बॅटरीवर मीटर धर. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो 12.5 वर अडून हळूहळू खालीच येत असेल, तर चार्जिंग मिळत नाही. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंगला लगाम घालणारा रेग्युलेटर आवरत नाही, आणि मग बॅटरी उकळून मरते. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या, आत चुंबकं असतात, त्यांच्या खाली स्टेटरची वेटोळी, आणि तिथून निघालेला करंट रेग्युलेटरमधून सरळ होऊन बॅटरीत जातो. रेग्युलेटरची अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) त्याच्या स्वतःच्या धातूच्या अंगातून, बोल्टांमधून जाते. त्या बोल्टांखाली गंज किंवा रंग असला तर चांगला रेग्युलेटरही मुका बसतो. आधी बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत कर, मगच त्याला दोष दे. आणखी एक, तू थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून गवत कापतोस ना? आवाज कमी होतो खरा, पण चार्जिंगही कमी होतं. पात्यांचा विजेवर चालणारा क्लच आणि दिवे मिळून तेवढ्यात बॅटरीतूनच खातात. इंजिन पूर्ण वेगावर चालवायलाच बनवलेलं आहे, त्याला तसंच चालू दे.

गळतीचं माझ्या मशीनवर जे झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुझंही तेच असावं असा माझा संशय आहे. मी दर दोन आठवड्यांनी गवत कापायचो आणि दर वेळी बॅटरी बरोबर मेलेली असायची. चार्जिंग 14.1 मिळत होतं, बॅटरी नवी होती. एका संध्याकाळी किल्ली काढली, निगेटिव्ह वायर बॅटरीवरून सोडवली आणि मल्टीमीटर अँपिअरवर ठेवून एक टोक त्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. किल्ली बंद असताना तिथे शून्य हवं, इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर असेल तर फार तर काही मिलिअँपिअर. मला 90 मिलिअँपिअर दिसले. आकडा इवलासा वाटतो, पण हिशेब कर: दिवसाला दोन अँपिअर-तासांहून थोडं जास्त. माझी बॅटरी 32 अँपिअर-तासांची. चौदा दिवसांत तीस गेले! माझ्या गवताच्या पाळीचं आणि त्या गळतीचं गणित तंतोतंत जुळत होतं, आणि मी दोन बॅटऱ्या उगाच टाकून दिल्या होत्या.

मग मीटर तसाच जोडलेला ठेवून मी एकेक गोष्ट सोडवत गेलो. फ्यूज काढला, आकडा हलला नाही. म्हणजे फ्यूजच्या पलीकडचं सगळं, किल्लीचा स्विच, दिवे, क्लच, एका फटक्यात निर्दोष ठरलं. माझ्या मशीनमध्ये रेग्युलेटरची वायर फ्यूजकडे न जाता सोलेनॉइडच्या बोल्टाला, म्हणजे थेट बॅटरीलाच जोडलेली होती. इंजिनाच्या बाजूला गवताच्या भुशात दडलेला रेग्युलेटरच्या वायरीचा प्लग बोटांनी चाचपला, लॅच दाबून ओढला, आणि मीटरवरचा आकडा 90 वरून शून्यावर पडला. तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. रेग्युलेटरच्या आतला डायोड, ज्याने करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा, तो उलटा गळत होता. इंजिन चालू असताना तो इमानदारीने चार्ज करायचा आणि बंद झालं की त्याच वाटेने परत काढून घ्यायचा. म्हणून नुसतं चार्जिंग मोजून हा दोष कधीच सापडला नसता.

मीटर अँपिअरवर असताना चुकूनही किल्ली सेलपर्यंत फिरवू नकोस. स्टार्टर शंभराच्या घरात अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज 10 चा असतो. मीटरची लाल वायर नेहमी 10 अँपिअरच्या भोकात लावून सुरुवात कर. आणि बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायची, जोडताना शेवटी लावायची. उलट केलंस आणि पॉझिटिव्हवरचा पान्हा चेसिसला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, तोही हायड्रोजन सोडणाऱ्या बॅटरीच्या तोंडाशी.

सेल मारताना नुसतं ‘टक’ होतं असं तू लिहिलं आहेस. एकच ठसठशीत ‘टक’ आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले असतील किंवा कुठे जोड कुजला असेल. ‘टकटकटक’ अशी घाई असेल तर बॅटरी उतरलेली. जोड तपासायलाही मीटरच: बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर एक टोक, इंजिनाच्या उघड्या धातूवर दुसरं, आणि सेल मारायला लाव. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ वायरच्या टोकाशी गंज बसलाय. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवरही तसंच. तुझा स्क्रू ड्रायव्हर नेमकं हेच सांगत होता की बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत, मधला सोलेनॉइड किंवा त्याला किल्लीकडून येणारी बारीक वायर बिघडली आहे. टर्मिनलवरची ती पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, कोरडं कर, घट्ट आवळ.

इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं आणि मग जोर लावून पुढे जातं, असं होत असेल तर टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) तपासून घे. सुरू होताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थोडं सोडून देण्याची सोय या इंजिनांत असते. टॅपेटची गॅप वाढली की ती सोय काम करत नाही, स्टार्टरला सगळं कॉम्प्रेशन अंगावर घ्यावं लागतं आणि माणूस बॅटरीला नावं ठेवतो. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

आता ठिणगीचं. तुला वाटतंय की बॅटरी उतरते म्हणून स्पार्क प्लगला करंट मिळत नाही. या इंजिनांत बहुतेक वेळा तसं नसतं. फ्लायव्हीलच्या कडेवरचं चुंबक कॉइलपुढून सरकतं तेव्हा कॉइल स्वतःची ठिणगी स्वतः बनवते, तिला बॅटरीचा थेंबही लागत नाही. इंजिन बंद करायला कॉइलची एक बारीक वायर अर्थ केली जाते, बस. किल्ली, सीटचा स्विच सगळे याच वायरीवर बसलेले. म्हणून खड्ड्यात चाक गेलं आणि इंजिन दिवा मालवावा तसं एकदम गेलं, तर ती वायर कुठेतरी घासून चेसिसला टेकते आहे किंवा सीटखालचा जोड सैल आहे. आचके देत, धापा टाकत बंद पडत असेल तर पेट्रोलकडे बघ. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल अडवणारा एक लहान सोलेनॉइड असतो आणि तो मात्र बॅटरीवर चालतो. चार्जिंग मिळत नसेल तर चालता चालता बॅटरी उतरते, तो मिटतो आणि ठिणगी शाबूत असूनही इंजिन उपाशी मरतं. बॅटरी उतरणं आणि इंजिन बंद पडणं, या तुझ्या दोन तक्रारी एकच असू शकतात ते यामुळे.

ठिणगी बघायला स्पार्क प्लग हातात धरू नकोस, स्पार्क टेस्टर लाव. ठिणगी नसेल तर कॉइलची ती अर्थची वायर तेवढ्यापुरती सोडवून बघ. आली तर कॉइल निर्दोष, दोष वायरिंगमध्ये. मात्र वायर सुटलेली असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून पेट्रोलचा कॉक बंद ठेवूनच हे कर. त्या वायरीला 12 व्होल्ट कधीच देऊ नकोस, कॉइल जागच्या जागी जळते. तरीही ठिणगी नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोज. साधारण 0.25 ते 0.35 मिलिमीटर असते, तुझ्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात मिळेल. थंड असताना चालतं, तापलं की बंद पडतं आणि तासाभराने पुन्हा लागतं, तर गरम असतानाच ठिणगी तपास. कॉइल आतून तुटत असली की तापल्यावरच पकडली जाते.

सीटचा स्विच जोडून टाकू नकोस, बदल. खाली वाकून त्याचा प्लग काढ, पितळी पाती हिरवी पडली असतील तर घास, वायर कुठे स्प्रिंगमध्ये चिमटली आहे का बघ. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं. आणि पात्यांखाली हात घालण्याआधी किल्ली खिशात, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हे मला वचन दे.

मला तीन आकडे कळव: रात्रभर ठेवल्यावरचे व्होल्ट, पूर्ण थ्रॉटलवरचे व्होल्ट, आणि किल्ली बंद असतानाचे मिलिअँपिअर. गळती दिसली तर आधी रेग्युलेटरचा प्लग ओढून बघ आणि आकडा पडला की त्याच क्षणी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझाच,
जुना मित्र