शूटिंगचा काटा झाला, चुकाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या जुन्या जहाज कारखान्यात आता चित्रीकरण चालते, ही माहिती आपल्या अंकात वाचली. टायटॅनिक बांधणाऱ्या हार्लंड अँड वूल्फ कंपनीची तिथे जहाजांचे भाग रंगवायची भलीमोठी शेड होती. रंग नीट धरावा म्हणून आतली हवा हवी तशी राखता यायची. छत उंच, मधे खांब नाही. जहाजांचे काम ओसरले आणि त्याच शेडमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चे राजवाडे उभे राहिले. पुढे 2022 मध्ये त्या मालिकेचे सेट तिकीट लावून लोकांना दाखवायला खुले केले, तेही बॅनब्रिज गावच्या एका जुन्या लिनन गिरणीच्या जागेत. गिरणी हा शब्द वाचला आणि मला आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायची गिरणी, आठवली.

आमच्याकडे समुद्र नाही, जहाज तर दूरच. पण अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटले, विलायतेतल्या मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खामगावपर्यंत खास फाटा टाकून रेल्वे आणली ती कापसासाठीच. नंतर तालुक्या-तालुक्याला जिनिंग आणि रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसिंग झाल्या. त्यांतल्या कितीतरी आज पोटात पिंपळ घेऊन उभ्या आहेत. आमची सहकारी जिनिंगही त्यातलीच. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला काढली, कामगारांची देणी राहिली. मी तिथे काट्यावर कारकून होतो. सगळा कापूस सरकारच घ्यायचे त्या एकाधिकार खरेदीच्या काळात रात्रभर बैलबंड्यांची रांग लागायची आणि पहाटे थंडीत काट्याचे लोखंड हाताला चावायचे.

मागच्या उन्हाळ्यात तिथे एका चित्रपटाचे युनिट आले. गावाला आनंदच झाला, मलाही झाला. आमच्या म्हाताऱ्या चौकीदाराने तर दोन दिवस खपून आख्खा जिन हॉल झाडून काढला. पाहुणे येणार, घाण कशी दिसेल? युनिटची माणसे आली, त्यांनी कपाळाला हात लावला आणि पोतीच्या पोती मुलतानी माती आणून सगळीकडे उधळली. कोळिष्टके कशाने तरी फवारली. चौकीदार केरसुणी हातात धरून पाहतच राहिला.

पुढची गंमत कापसाची. शूटिंग मे महिन्यात, आणि आमचा हंगाम दिवाळीनंतर. त्यांना हवेत उडणारी रुई पाहिजे होती. मग गाद्यांच्या दुकानातून पॉलिस्टरचा फायबर आला आणि पंखा लावून उडवला. कापसाच्या मुलखात, जिनिंगच्या आत, पॉलिस्टर! खरी रुई अशी उडत नाही. ती अंगाला, भुवयांना, पापण्यांना चिकटते, आणि रोलरचे कातडे तापल्याचा वास तिच्याबरोबर घशात जातो.

हीरोने गठाण उचलली तो सीन सगळ्या गावाने पाहिला. गठाण म्हणजे दाबून बांधलेली रुईची गाठ, 170 किलोची. एक गठाण बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो, कारण क्विंटलमागे रुई उतरते 33-34 किलो, बाकी सरकी. ही गठाण हीरोने एकट्याने पाठीवर घेतली, पळाला, वर जिनाही चढला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडच्या भिंतीवर आमचे जुने हमाल बसले होते, त्यातला एक म्हणाला, "बाप्पा, यात काय थर्माकोल भरलं हाय का?" हमालांचे काम करायला माणसे मात्र नागपूरहून बसने आणली होती. खरे हमाल चार दिवस भिंतीवर.

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट झाली. पण जिनिंगमध्ये काडी पेटवायची नाही हे इथले शेंबडे पोरही जाणते. कापसातून एखादा खडा नाहीतर खिळा रोलरमध्ये गेला तरी ठिणगी पडते. हंगामात फाटकावर विड्या काढून ठेवूनच माणूस आत जायचा. बंद पडून किती वर्षे झाली तरी छताच्या कैच्यांवर, भिंतींच्या फटीत जुनी रुई बसलेली आहे. तिथे वैशाखातल्या दुपारी मोठमोठे दिवे लागले, जनरेटर चालला आणि माणसे आतच सिगारेटी ओढत होती. पाण्याचा टँकर उभा होता तो नटांच्या आंघोळीसाठी. मुंबईतली मुकेश मिल आगीनंतरच बंद पडली आणि मग पडद्यावर भुताखेतांच्या कामाला आली, हे सिनेमावाल्यांना मी सांगायला नको.

आता मुद्द्याचे. शेतकऱ्याच्या कापसाचा काटा झाला की त्याच्या हातात पावती पडायची, तिच्यावर वजन, ग्रेड, भाव सगळे असायचे. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा येई, पण किती येणार हे माहीत असे. या शूटिंगचे भाडे किती ठरले, कोणाशी ठरले, कोणत्या खात्यात गेले, याची पावती कोणी पाहिली नाही. विचारायला गेलो त्या कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने पहिल्याकडे. शूटिंगच्या परवानगीसाठी राज्यात एक खिडकी झाली म्हणतात, बरे झाले. आमच्या चुकाऱ्याला अर्धी तरी खिडकी असावी. अवसायनातल्या संस्थेची जागा भाड्याने दिली तर आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि ती रक्कम आधी कामगारांच्या थकलेल्या देण्यांत वळती व्हावी. आणि युनिट आत शिरण्याआधी यंत्रांचा पंचनामा व्हावा, निघताना पुन्हा व्हावा. रामटेकजवळ चित्रनगरीच्या घोषणा ऐकतो, म्हणजे ही माणसे आता वरचेवर येणार. यावीतच. चहाच्या टपरीवाल्याने त्या चार दिवसांत महिन्याचा धंदा केला, तो माझ्याशी या पत्रावरून भांडेल.

पंचनाम्याचे बोललो त्याला कारण आहे. युनिट गेल्यावर काट्याची वीस किलोची दोन वजने दिसेनात. बिडाची आहेत, कडी थोडी वाकलेली, शिशावर तोलमाप निरीक्षकाचा शेवटचा शिक्का 2003 चा. बाजूला छिन्नीने 'जि' कोरलेले आहे, ते मीच कोरले होते. सामानाच्या ट्रकमध्ये चुकून गेली असतील असे मी धरून चालतो. चित्रपट अजून लागलेला नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाला पडद्यावर किंवा कुठल्या गोदामात ती दिसली, तर आपल्या पत्त्यावर कळवावे. नेऊन आणायचा खर्च मी देईन.

आपला,
एक निवृत्त काटा कारकून
ता. दारव्हा, जि. यवतमाळ