नागपूरचा परदेशी जाणारा प्रवासी मुंबईच्या खात्यात का? केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय श्री. राममोहन नायडूजी,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात सोनेगावला, विमानतळाच्या शेजारीच राहते. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. गाव देशाच्या मधोमध असल्याचा तो उपयोग होता. आज त्याच गावातून परदेशी जायचं तर बहुतेकांना आधी दिल्ली नाहीतर मुंबई गाठावी लागते.

गेल्या हिवाळ्यात माझी ७२ वर्षांची आई धाकट्या भावाकडे सिंगापूरला निघाली. सिंगापूर पूर्वेला, तिचं विमान पश्चिमेला मुंबईकडे. ते नागपूरहूनच दोन तास उशिरा सुटलं. मुंबईत सांताक्रूझच्या टर्मिनलवर उतरून टॅक्सीने सहारच्या टर्मिनलला जायचं, हे आम्ही तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण ती पोचली तोवर काउंटर बंद झालेलं. दोन तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे जबाबदारी कुणाचीच नाही. मांडीवर संत्रा बर्फीचा डबा घेऊन ती रात्रभर खुर्चीत बसून राहिली. फोनवर मला सारखी म्हणत होती, ‘तू झोप, मी ठीक आहे.’ मी कशी झोपणार?

२०२३-२४ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर ७ कोटी ३६ लाख प्रवाशांची ये-जा झाली, मुंबईत ५ कोटी २८ लाखांची. नागपूरचा आकडा २८ लाखांच्या आसपास. हे आकडे दाखवून आम्हाला सांगतात, नागपूरहून परदेशी जाणारे आहेतच किती? साहेब, माझी आई त्या वर्षी गेली असती तर मुंबईच्या ५ कोटींत मोजली गेली असती. कॅनडा-जर्मनीला शिकायला गेलेली आमच्या गल्लीतली मुलंही तिकडेच मोजली जातात. आमचा प्रवासी त्यांच्या खात्यात टाकायचा आणि मग आमच्याकडे प्रवासी नाही म्हणायचं, हा हिशेब मला मान्य नाही. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथली गर्दी आमच्यामुळे वाढावी, अशी आमचीही इच्छा नाही.

धावपट्टीची अडचण म्हणावी तर विमानतळाला लागून असलेल्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या विमान दुरुस्ती केंद्रात बोइंग ७७७ येतात. म्हणजे एवढं मोठं विमान इथे उतरतं, फक्त रिकामं उतरतं. प्रवाशांसाठी आमच्या वाट्याला शारजा आणि दोहा अशी आखाती उड्डाणंच काय ती आली. विमानतळ कोणी चालवायचा याचा वाद २०२० पासून हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट करत २०२४ ला संपला. त्यात गेलेली वर्षं परत येणार नाहीत, ती सोडून देते.

आता जे आपल्या हातात आहे ते. परदेशी कंपनीला आपल्याकडच्या कोणत्या शहरात उतरता येईल, हे दोन देशांमधल्या हवाई करारात ठरतं. करारात शहराचं नाव नसेल तर तिची कितीही इच्छा असली तरी विमान येऊ शकत नाही. थायलंड, सिंगापूर, श्रीलंका, जपान यांच्याशी पुढची बोलणी होतील तेव्हा नागपूरचा आग्रह धरा. बौद्ध यात्रेच्या हंगामात गयेसारख्या छोट्या विमानतळावर बँकॉकहून थेट विमानं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी नागपुरात आहे, विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. तिथे येणाऱ्या भन्तेंनी आणि उपासकांनी मुंबईला वळसा का घालावा?

सुरुवातीला जागा रिकाम्या राहतील, ही भीती खरी आहे. त्यालाही वाट आहे. आसाम सरकारने तोटा भरून देण्याची तयारी दाखवली आणि २०१९ मध्ये गुवाहाटीहून ढाक्याला विमान सुरू झालं. महाराष्ट्र सरकारशी बोलून बँकॉक किंवा सिंगापूरसाठी तसंच करता येईल. आठवड्यातून दोन फेऱ्या मिळाल्या तरी आम्ही सुरुवात करायला तयार आहोत.

आपण श्रीकाकुलमचे. तिथल्या माणसाला विमानासाठी विशाखापट्टणम गाठावं लागतं, हे मी आपल्याला सांगायला नको.

भावाकडे मार्चमध्ये बाळ येणार आहे. आईला जायचं आहे, पण मुंबईमार्गे एकटी जायला ती आता तयार नाही.

आपली,
सोनेगावची एक रहिवासी