सगळ्यांना सारखे दिले तरी

माननीय संपादक,
स. न.

सरकारने कोणत्याच धर्मासाठी तिजोरी उघडू नये असे म्हटले, की उत्तर ठरलेले असते : 'एकालाच दिले तर पक्षपात, सगळ्यांना सारखे दिले तर बिघडले कुठे?' युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे, आणि बराच जुनाही. १७८४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात तिथले नेते पॅट्रिक हेन्री यांनी साधारण हेच एका विधेयकाद्वारे मांडले होते. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी सर्वांनी कर द्यायचा, मात्र आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे ज्याचे त्याने ठरवायचे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसन यांनी पुढच्याच वर्षी त्याविरुद्ध निवेदन लिहिले. धर्मासाठी तीन पेन्सही सक्तीने वसूल करण्याचा अधिकार सरकारला दिला, तर तेच सरकार उद्या हवा तो पंथ पाळायला लावील, असे त्यांचे म्हणणे. राजाश्रयाने धर्मगुरूंच्या अंगी गर्व आणि आळस मुरतो, हेही त्यांनी सुनावले.

या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत बाप्टिस्ट आघाडीवर होते. नास्तिक नव्हेत, विनापरवाना उपदेश केला म्हणून ज्यांचे धर्मोपदेशक तुरुंगात गेले, असा हा पंथ. विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये तिथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. धर्म आणि सरकार वेगळे ठेवा म्हणणारा प्रत्येक जण धर्माचा वैरी असतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहार धर्मसंस्थांनाही चुकत नाही. तुर्कस्तानने ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द केली आणि त्याच दिवशी धर्मव्यवहारांसाठी सरकारी खाते उभे केले. १९३७ मध्ये धर्मनिरपेक्षता राज्यघटनेत आली, पण ते खाते कायम राहिले. इमाम सरकारी पगारावर आणि शुक्रवारचे प्रवचनही खात्याकडून! याला वेगळेपणा म्हणायचे की ताबा? स्वीडनमध्ये तर २००० सालापर्यंत बिशप नेमण्याचा अधिकार सरकारकडे होता.

भारताच्या संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी सूचना मांडली. देवावर मत देण्याच्या पेचात आम्हाला टाकू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी सूचना फेटाळली गेली. राज्यघटनेचे २७ वे कलम सांगते, की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. पण सर्वसाधारण महसुलातून थोडीफार रक्कम धार्मिक कारणासाठी गेली तर या कलमाचा भंग होत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हज अनुदानाच्या प्रकरणात लावला. न्यायालयाबद्दल पूर्ण आदर राखून म्हणतो, ही फट मोठी आहे. 'त्यांना दिले, मग आम्हाला का नाही?' ही चढाओढ याच फटीतून चालते, आणि ती लावून देणाऱ्यांना सगळ्याच बाजूंची मते हवी असतात.

अंतर ठेवायचे म्हणजे सरकारने हात बांधून बसायचे, असा मात्र अर्थ नाही. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा २५ व्या कलमातच आहे. तिथे सरकार पूजा कशी करावी हे सांगत नाही, नागरिकाला दारात अडवू देत नाही. यात्रेच्या गर्दीला पाणी, पोलीस, रुग्णवाहिका पुरवणे हेही सरकारचे कामच. गर्दी मैफलीची असती तरी ते करावेच लागले असते. पूजेचा, प्रार्थनेचा आणि धर्मगुरूंच्या मानधनाचा खर्च मात्र भाविकांनीच उचलावा. मंत्र्यांनाही भक्ती करायची तर त्यांनी ती खुशाल करावी, पण स्वतःच्या खर्चाने आणि पदाची पाटी बाजूला ठेवून.

आपला,
एक वाचक